तांबोशीचं डोकं

छावणीतल्या त्या मासेवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही.

सून मालवणकडची. लग्नाला वर्ष झाल्यावर तिचे वडील पहिल्यांदा आमच्याकडं मुक्कामाला येणार होते. साखरपुड्याच्या जेवणात याच माणसानं मला चारचौघांत ऐकवलं होतं, "तुमच्याकडे मासे म्हणजे धरणातला चिखल. आमची मुलगी तिथे काय खाणार?" जायकवाडीची मरळ ज्यानं कधी चाखली नाही, त्यानं हे बोलावं! मुलाकडं बघून मी तेव्हा गिळलं. पण मनात पक्कं केलं की हा माझ्या दारात आला की समुद्राचाच मासा वाढायचा, आणि असा वाढायचा की त्याला बोलायला जागा राहू नये.

त्यांना काय आवडतं, असं सुनेला विचारलं. ती म्हणाली, तांबोशी.

मुंबईहून बर्फात येणारी तांबोशी मी छावणीत आधीच सांगून ठेवली. सकाळी जाऊन बघितली तर हातभर लांब, लालभडक. डोळे स्वच्छ होते, कल्ले उचलून पाहिले तर तेही लाल. लासूर स्टेशनला पोती उचलता उचलता मी स्वतःची धान्याची आडत उभी केली. पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याशिवाय माल घेतला नाही. मासा तरी तसाच कसा घेईन? मासेवाला भाव सोडेना. मी म्हटलं, भाव तुझा राहू दे, पण डोकं काढ आणि मग तोल. आमच्या घरात माशाचं डोकं कधी शिजलं नव्हतं. हाडकांचं वजन मी का भरू?

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच कबूल केलं. एवढ्या पटकन कबूल होणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. तिथंच मला संशय यायला पाहिजे होता. पण जिंकल्याच्या खुशीत मी घर गाठलं.

सुनेनं पिशवी ओट्यावर रिकामी केली, तुकडे खालीवर केले.

"मामा, डोकं?"

"काढायला लावलं. वजनात कशाला घ्यायचं?"

ती तुकडे धुवायला लागली. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा बोलली. त्यांच्याकडं डोकं पाहुण्याच्या ताटात जातं. डोकं नसलेली तांबोशी वाढली तर समजायचं की मासा शिळा होता, डोळे दाखवायची सोय नव्हती.

म्हणजे मी स्वतःच्या हातानं व्याह्याच्या तोंडात शब्द घालणार होतो. त्याच पावली परत फिरलो.

डोकं तिथंच होतं, बर्फावर वेगळं ठेवलेलं. मासेवाला म्हणाला, ते एका बंगाली फौजीच्या घरी जायचं आहे, मोठं डोकं आलं की त्यांच्यासाठीच ठेवतो.

"माझ्या माशाचं आहे ते," मी म्हटलं.

"आपीच बोले ना चाचा, सर निकालके तोलो."

बाजूची गिऱ्हाइकं हसली. माझा आवाज चढला. हे डोकं कामाचं असतं हे तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं.

"आप भाव कर रहे थे, चाचा. सलाह कब मांगी?"

आयुष्यात पहिल्यांदा, सांगेल त्या किमतीला, घासाघीस न करता माल उचलला. तोही माझाच.

सुनेनं ओलं खोबरं वाटून, कोकम घालून कालवण केलं. व्याह्यांनी हट्टानं तिलाही शेजारी बसवलं. त्यांच्या ताटात डोकं वाढलं आणि मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यांनी डोळा बोटानं दाबला.

"ताजी आहे," म्हणाले. मग डोकं उचलून मुलीच्या ताटात ठेवलं. "आमच्या घरी डोकं हिचं. इथे वर्षभर मिळालं नसेल."

सून मान खाली घालून खात होती. एकेक हाड चोखत, कुणाकडंही न बघता. माझ्या घरात तिला असं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. वर्षभर दर रविवारी मासा येत होता, आणि ही पोरगी एका शब्दानं बोलली नव्हती. व्याह्यांनी पुन्हा बाजी मारली होती, आणि या वेळी त्यांचं खरं होतं.

आता रविवारी मासा डोक्यासकट तोलतो. मासेवाला तराजूत टाकताना विचारतो, "सर के साथ ना, चाचा?" मी कल्ले उचलून बघतो आणि भावावरून त्याच्याशी भांडतो.