डच बाईंची फुलं, करामातलं दुकान

काही किस्से ऐकून लोक हसतात, माझी मात्र अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते! दुबईतल्या करामा भागात एका फ्रेमच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटर सांभाळला, तेव्हा असे किस्से ढिगानं जमले. आज फक्त एका चित्राचे सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मालक पुरोहितसाहेब. मागच्या खोलीत सुनंदाताई जुन्या चित्रांच्या हुबेहूब प्रती करायच्या. एका हॉटेलनं लॉबीसाठी ऑर्डर दिली, तीनशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकर्तीच्या फुलांची. काळोखातून उजळलेले ट्यूलिप, गुलाब, मान टाकलेलं एक फूल, देठावर गोगलगाय. ताई दोन महिने त्यात बुडाल्या होत्या.

*

हॉटेलचा मॅनेजर बघायला आला. "मॅडम, ये फूल सूख गया है. फ्रेश लगाओ!"

ताई म्हणाल्या, "तीन सौ साल हो गए सर, सूखेगा ही!"

तो हसला नाही. "और ये कीडा निकालो. बाजू में रेस्टॉरंट है. हायजीन!"

"खलास, काढून टाका," साहेब म्हणाले. ताईंनी गोगलगाय खरवडली. मी नुसती धुमसत होते. ताई एवढंच म्हणाल्या, "पानामागे बसवली असती तर वाचली असती गं."

*

मग इंटिरिअरवाली बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आली. ट्यूलिप म्हणे याच मरून रंगात हवेत!

ताईंनी तुकडा ठेवून घेतला. संध्याकाळी बघते तर त्याला ब्रश पुसतायत!

*

लॉबीतल्या पाटीसाठी मी चित्रकर्तीचं नाव टाईप केलं. साहेब भडकले.

"बाईचं नाव कशाला? 'ओल्ड मास्टर' लिही. भारदस्त वाटतं."

"पण साहेब, काढलंय बाईनंच!"

"कोण विचारायला येणारे?"

मी 'ओल्ड मास्टर' लिहिलं. माझा व्हिसा त्यांच्या हातात होता. त्या दिवशी जास्त राग त्यांचा आला की माझा, अजून ठरत नाही.

*

हॉटेलला पाठवण्याआधी ते चित्र शेजारच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये, आपल्या मराठी मंडळींच्या प्रदर्शनात लागलं. निवेदकानं सांगितलं, "बिझनेस सांभाळून ही प्रत रंगवणारे आपले पुरोहितसाहेब!" ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. साहेबांनी हात जोडले, दुरुस्त काही केलं नाही.

पाहुणे खूश. "साहेब, आमच्यासमोर एक तरी फूल काढाच!"

मी उठणार, तेवढ्यात ताईच उठल्या. बाजूच्या रंगसाहित्याच्या स्टॉलवरचा कोरा कॅनव्हास इझलवर चढवला. ब्रश लाल रंगात बुडवला आणि अदबीनं साहेबांपुढे धरला.

"घ्या ना, साहेब."

साहेबांनी ब्रश घेतला. बराच वेळ कॅनव्हासकडे बघत राहिले. मग खाली वाकून उजव्या कोपऱ्यात झोकात सही केली.

टाळ्यांचा कडकडाट!