माझे एक्कावन्न, ट्रूसबाईंचे पंच्याहत्तर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. हा विषय निघाला की माझी बारा वर्षांची लेक मुक्ता अजूनही उठून तिच्या खोलीत जाते आणि निखिल, माझा नवरा, हसू दाबायला पाणी पिण्याचं निमित्त शोधतो. मी मात्र स्वतःच्या तोंडानं सांगतेय, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यात आणखी मीठमसाला पडेल.

तर, मुक्ता बेसबॉल खेळते. इथे डच लोक त्याला होंकबल म्हणतात. खरं म्हणजे मी सांगलीहून येताना तिच्यासाठी क्रिकेटची बॅट आणली होती. बॅट अजून कपाटात आहे आणि पोरगी होंकबलच्या मैदानावर. तिथे ती पिचर आहे, म्हणजे मधल्या उंचवट्यावर उभं राहून चेंडू फेकणारी. आपल्याकडचा बोलरच समजा, फक्त पळत यायचं नाही आणि टप्पा पाडायचा नाही. मी तरी असंच समजले होते, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पोरगी चांगली खेळते हो. आई म्हणून म्हणत नाही. तिचा कोच योस्ट, पंचविशीतला उंचाडा मुलगा, सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तोच एकदा म्हणाला की हिला विभागाच्या निवड चाचणीला बोलावतील, फक्त त्यांच्या माणसांनी हिला एकदा मैदानात बघायला हवं. झालं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

एक काळजी निवडीची आणि दुसरी हाताची. या वयात खांदा-कोपर कोवळं असतं, चेंडू फार फेकले तर कायमचं दुखणं मागे लागतं, असं मी वाचलं होतं. एकदा वाचलं की मी थांबत नाही. मी योस्टला तीन वेळा विचारलं, मुक्ताच्या खांद्याला रोज तेल चोळलं, आणि तिच्या दप्तराचं वजनसुद्धा केलं. ती म्हणायची, "आई, यू आर बीइंग वीअर्ड." मी म्हणायचे, असू दे.

मे महिन्यात एनस्खेडेजवळ दोन दिवसांची स्पर्धा होती. गाडीनं दोन तास. मुलांनी मैदानाच्या कडेलाच तंबू ठोकायचे, आईबापांनी गाड्या चालवायच्या, आणि प्रत्येक पालकानं एक काम घ्यायचं. इथे क्लबात काम न करता नुसतं बसून टाळ्या वाजवणारा पालक चालतच नाही. निखिलला ऐनवेळी आयन्डहोवनच्या ऑफिसात थांबावं लागलं, म्हणून मी एकटीच.

रविवारी शेवटचा सामना. सकाळी योस्टनं माझ्या हातात अंगठ्यानं दाबायचं एक क्लिकर ठेवलं. एका सामन्यात एका पिचरनं पंच्याहत्तरच चेंडू टाकायचे, ते मोजायला दोन्ही संघांचा एकेक माणूस लागतो, आणि तुलाच हाताची एवढी काळजी आहे तर तूच मोज, असं त्याचं सरळ म्हणणं. तो नियम समजावून सांगायला लागला, तर मी त्याला मध्येच थांबवलं.

अहो, मला काय समजावतो हा? माझे वडील सांगलीत टेनिस बॉल स्पर्धांना अंपायर असायचे आणि मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या सामन्यांची स्कोअरची वही लिहायचे. ठिपके, फुल्या, गोल, सगळं. अण्णांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: स्कोअररनं जागेवरून उठायचं नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही. त्यात आता मी झुइडास या कंपन्यांनी भरलेल्या भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. मी योस्टला म्हटलं, तू निश्चिंत राहा. क्लिकर तर दाबतेच, वर वहीसुद्धा लिहिते.

समोरच्या संघाकडून मोजायला ट्रूस नावाच्या आजी होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघ्यावर क्लिकर, आणि दोन्ही हातांत सुया. जांभळ्या लोकरीचं काहीतरी विणत होत्या. मध्येच विणकाम मांडीवर ठेवायच्या, क्लिकर दाबायच्या, परत सुया उचलायच्या. मी मनात म्हटलं, कठीण आहे.

सामना सुरू झाला. वारा असा की खुर्च्या उडत होत्या. त्या वाऱ्यात मुक्ताचे काही चेंडू बाहेर जात होते, पण जे आत पडत होते त्यांना समोरची पोरं हातसुद्धा लावू शकत नव्हती. पहिला डाव संपला. नियमाप्रमाणे आम्ही दोघी आकडा जुळवायला भेटलो. ट्रूसबाई म्हणाल्या, सतरा.

माझ्या वहीत बारा होते.

आता तुम्हीच सांगा, पहिल्याच भेटीत एवढ्या वयाच्या बाईला तोंडावर कसं म्हणायचं की तुमचं चुकलं? कुणी डच बाई असती तर एका क्षणात म्हणाली असती. मला ते अजून जमत नाही. मी नुसतं हसले. त्यांना वाटलं मला मान्य आहे. त्यांनी सतरा लिहिले, मी बारा लिहिले, आणि आम्ही एकमेकींना बिस्किट दिलं.

दुसऱ्या डावानंतर त्यांचे पस्तीस झाले, माझे चोवीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई टाके मोजतायत! दोन टाके घातले की हात आपोआप क्लिकरवर जातो. तिसऱ्या डावात मी मुक्तापेक्षा त्यांच्या सुयांकडेच जास्त बघत होते, आणि मला खात्रीच पटली. डाव संपला तेव्हा त्यांचे अठ्ठावन्न आणि माझे चाळीस. मी पुन्हा हसले, पण आता जरा कोरडं.

योस्ट धावत आला. किती झाले? मी म्हटलं, चाळीस. तो खूश झाला. म्हणाला, मग चौथ्या डावातही मुक्तालाच ठेवतो, कारण निवड समितीच्या बाई पलीकडच्या मैदानावर आहेत आणि आता इकडेच येतायत. मुक्ता पाणी प्यायला जाळीजवळ आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. किती राहिले, असं. मी तिला मराठीत म्हटलं, "निवांत टाक, अजून पस्तीस आहेत." तिनं खांदा एकदा गोल फिरवला आणि गेली. ते खांदा फिरवणं मी पाहिलं होतं बरं का. पाहिलं, आणि वहीत डोकं घातलं.

चौथा डाव निम्म्यावर आला तेव्हा हिरव्या जॅकेटमधली एक बाई वही घेऊन कठड्यापाशी येऊन उभी राहिली. मुक्तानं एक टाकला, सुरेख. दुसरा बाहेर गेला. तिसरा आणि चौथा असे पडले की समोरच्या पोराची बॅट हललीच नाही. हिरवं जॅकेट काहीतरी लिहीत होतं. आणि तेवढ्यात ट्रूसबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, हात वर केला आणि पंचांना म्हणाल्या, "क्लार." संपलं. पंच्याहत्तर.

मी कशी उठले मला आठवत नाही. स्कोअररनं जागेवरून उठायचं नाही, तो नियम मी त्या क्षणी मोडला. मी थेट मैदानात. मी म्हटलं, हे चूक आहे, एक्कावन्नच झालेत, माझ्याकडे लेखी पुरावा आहे. पंच गोंधळले. योस्ट माझ्या मदतीला आला आणि सगळ्यांना सांगायला लागला की मंजिरी टेस्टर आहे, ती असल्या बाबतीत चुकत नाही. इथे 'ज'चा 'य' होतो म्हणून तो मला 'मनयिरी' म्हणतो. स्पर्धेचे प्रमुख आले. दोन्हीकडचे पालक थर्मास हातात घेऊन जवळ सरकले. आणि मग, देवा, मी ते बोलले. सगळ्यांसमोर, माझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये मी म्हटलं की या बाई चेंडू मोजत नाहीयेत, टाके मोजतायत.

ट्रूसबाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

प्रमुखांनी हात पुढे केला. वही बघू म्हणाले. मी अभिमानानं उघडली. अण्णांनी शिकवलेलं सुंदर अक्षर, चार डाव, चार रकाने. ठिपके ओळीनं, आणि मध्येमध्ये गोलातल्या फुल्या. त्यांनी एका फुलीवर बोट ठेवून विचारलं, हे काय?

मी म्हटलं, तो वाईड. बाहेर गेलेला चेंडू.

मग हा बेरजेत कुठे आहे?

मी म्हटलं, वाईड कुठे मोजतात? तो धरायचा नसतो, तो पुन्हा टा...

आणि मी तिथेच थांबले. वाक्य अर्धं, तोंड उघडं. समजलं ना तुम्हाला? क्रिकेटमध्ये वाईड पडला की तो ओव्हरमध्ये धरत नाहीत, पुन्हा टाकायचा. पण इथे ओव्हर कुठे होती? इथे हात मोजत होते.

प्रमुखांनी बोटानं फुल्या मोजल्या. चोवीस. एक्कावन्न आणि चोवीस. बेरीज त्यांनी मोठ्यानं केली नाही, एवढे उपकार. योस्ट बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

ट्रूसबाई पुढे आल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि खायची माझी तयारी होती. पण त्या अगदी सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "बाहेर गेला तरी तो टाकायला हात तोच लागतो, बाई."

मी मुक्ताकडे वळले. ती चेंडू घेऊन तिथेच उभी होती, इतका वेळ, वाऱ्यात. मी विचारलं, दुखतंय का गं? ती आधी हिरव्या जॅकेटकडे बघून मग हळूच म्हणाली, "अ लिटल. तिसऱ्या इनिंगपासून. बट यू सेड पस्तीस राहिलेत."

सांगते तुम्हाला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेल कोण चोळत होतं? मी. दप्तराचं वजन कोण करत होतं? मी. आणि पोरीला आणखी चोवीस चेंडू टाकायला लावायला भांडत कोण होतं? तीही मीच. ट्रूसबाई नसत्या तर मी तिला नव्व्याण्णवच्याही पुढे नेलं असतं, वर अभिमानानं फोटोही काढला असता.

मुक्तानं चेंडू शांतपणे योस्टच्या हातात दिला, दुसरा मुलगा आला, आणि आम्ही तो सामना दोन धावांनी हरलो. मी ट्रूसबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण पहिल्या डावानंतरच सांगायचं होतं, मी उगाच हसत का होते? मी पुन्हा हसले आणि बिस्किटांचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

निघताना हिरवं जॅकेट आमच्याकडे आलं. त्या बाई म्हणाल्या की मला हिचे चारच चेंडू बघायला मिळाले. माझ्या जिभेवर आलं होतं, तीन, एक वाईड होता. दाताखाली जीभ दाबली. त्या पुढे म्हणाल्या की आजूबाजूला एवढा गोंधळ चालू असताना ही मुलगी जागची हलली नाही, असं डोकं पिचरला लागतं, तर दोन आठवडे हाताला पूर्ण विश्रांती देऊन चाचणीला पाठवा. गोंधळ कुणी घातला होता हे त्यांना नीट माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

गाडीत मुक्ता मागे झोपून गेली. मी निखिलला फोन लावला आणि सगळं सांगितलं, अगदी टाक्यांपासून फुल्यांपर्यंत. तो म्हणाला, "पण मंजिरी, वाईड धरत नाहीतच ना?" आमचं लग्न चौदा वर्षं का टिकलंय ते मला त्या दिवशी कळलं.

मुक्ताची चाचणी झाली, निवडही झाली. नव्या संघाच्या फॉर्मवर पालकांना काय काम द्यावं असा रकाना होता. तो तिनं स्वतःच भरला: आईला काहीही द्या, मोजायचं सोडून. म्हणून मला कॉफी मिळाली. पहिल्याच सामन्याला ट्रूसबाई मोजायला आल्या होत्या, सुया-लोकर घेऊन. मी त्यांना कॉफी द्यायला गेले तर वाऱ्यानं एक कप कलंडला. दुसरा भरून दिला. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आतापर्यंत किती कप झाले?

मी म्हटलं, एकतीस.

त्या म्हणाल्या, तीसच असतील, एक तर सांडला.

मी म्हटलं, तोही धरलाय. ओतायला हात तोच लागतो.