चिमटा हिचा न्हाई

मन्मथअप्पांनी माझं नाव विचारण्याआधी माझी सायकल उलटी केली होती. बदली होऊन मी बिलोलीहून लातूरला आलो, त्या दिवशी गल्लीत टेम्पो उभा होता आणि सामान उतरत होतं. समोरच्या घरातून पांढरा शर्ट, पांढरा लेंगा आणि कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे असलेले एक गृहस्थ बाहेर आले. शेजारी म्हणून चहापाण्याचं विचारायला येत असतील असं मला वाटलं. ते मला ओलांडून सरळ माझ्या लहानपणच्या सायकलीकडे गेले. बायकोचा विरोध पत्करून मी ती प्रत्येक बदलीत बरोबर नेत आलो होतो. अप्पांनी तिचं सीट जमिनीला टेकवलं, चाकं वर केली आणि पायडलच्या नळीखाली बोट घातलं.

"बीएमएक्स म्हणून घेतली का?"

"हो. सातवी पास झालो तेव्हा वडिलांनी..."

"न्हाई. हे बीएमएक्सचं सोंग हाय. साध्या पोरांच्या सायकलीला आडवा दांडा डकवलाय आन् वर गादी बांधलीय. पण जपली झकास. तुम्ही कुठले?"

माझी बायको गॅसची शेगडी हातात घेऊन दारात उभी होती. ती इतकी हसली की शेगडी खाली ठेवावी लागली. लग्न ठरताना मी तिला माझ्या बीएमएक्सबद्दल बरंच काही सांगितलं होतं.

आमच्या पिढीला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ठेंगणी, जाड टायरांची, हँडलला आडवा दांडा आणि त्या दांड्यावर फोमची गादी असलेली सायकल. गावात एखाद्याच घरी असायची, आणि त्या घरच्या पोराशी कुणी भांडायचं नाही. अप्पांचं कापडाचं दुकान होतं, वडिलोपार्जित आणि चांगलं चाललेलं. पण वरच्या मजल्यावर साड्यांच्या खोक्यांच्या जोडीने जुन्या बीएमएक्सच्या फ्रेमी टांगलेल्या असत. चाकं नाहीत, सीट नाही, नुसत्या फ्रेमी आणि त्यांचे चिमटे. पुढचं चाक ज्यात बसतं त्या दोन पायांच्या भागाला आपल्याकडे चिमटाच म्हणतात. अप्पांच्या पत्नी महानंदा वहिनी त्या चिमट्यांवर ब्लाऊजपीस वाळत घालायच्या आणि अप्पा ते निमूटपणे काढून दोरीवर टाकायचे. हा व्यवहार रोजचा होता.

अप्पांची तपासणी बघण्यासारखी असे. फ्रेमचा नंबर बहुधा पायडलच्या नळीच्या पोटावर ठोकलेला असतो आणि त्यावर रंगाचे थर चढलेले असतात. अप्पा साडीची चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तिथे घासत बसायचे. मग दांड्यावर बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचे. हलकी, चांगल्या पोलादाची फ्रेम वेगळी वाजते म्हणे. मला सगळ्या सारख्याच वाजत. "रंगाला इच्यारू नका साहेब," ते म्हणायचे, "रंग कुणाचंबी नाव सांगतोय. आन् स्टिकर तर माझ्या दुकानाच्या पिशवीलाबी हाय." पण त्यांचा खरा जीव चिमट्यात. सायकल आपटली की आधी चिमटा वाकतो, मग कुणीतरी दुसऱ्याच सायकलीचा आणून बसवतो, वरून रंग मारतो. "फ्रेम समदे बगतेत. चिमटा कोण बगतंय? म्हणून खोटं तिथं ऱ्हातंय."

ह्या नादापायी ते सुटीच्या दिवशी माझी गाडी आणि गाडीसोबत मलाही घेऊन भंगारवाल्यांच्या दारात हिंडायचे. उदगीर झालं, मुदखेड झालं. चाकूरजवळच्या एका शेतात त्यांना एक फ्रेम दिसली. तिच्यावर वालाचा वेल चढवला होता. अप्पा बांधावरच गुडघे टेकून बसले. शेतातल्या मावशी म्हणाल्या, "शेंगा निघू द्या, मग न्या." दुसरा कुणी असता तर महिन्यानं आला असता. अप्पा दर रविवारी जाऊन वेलाची चौकशी करायचे, आणि हात हलवत परत कसं यायचं म्हणून शेंगा घेऊन यायचे. त्या हिवाळ्यात आमच्या दोन्ही घरांनी वालाच्या शेंगांशिवाय भाजी खाल्ली नाही. शेवटी फ्रेम हाती आली, अप्पांनी ती उलटी केली आणि म्हणाले, "न्हाई ही." मी गाडीत बसून राहिलो. रागावण्याचीही ताकद उरली नव्हती.

अप्पांचा दोष एकच होता. विचारलं की खरं सांगायचे. पुण्यामुंबईचे शौकीन लोक त्यांना फोनवर फोटो पाठवत. अप्पांचं उत्तर ठरलेलं असे, "पोटाचा फोटो धाडा." पोटाचा फोटो आला की निकाल. एका गृहस्थांना त्यांनी कळवलं की तुमची सायकल एक नाही, तीन आहेत. त्या गृहस्थांनी पुन्हा फोन केला नाही. दुकानातही तेच. बाई साडी पसंत करून उठायला लागली की हे म्हणणार, "रंग जाईल हं, वेगळी भिजवा." वहिनी म्हणायच्या, "चांगलं गिऱ्हाईक आलं की मी ह्यांना जेवायला हाक मारते."

अप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते, आणि त्यातही एक गोष्ट सगळ्यात जास्त आठवते. ती शिवलीलाच्या लग्नाची.

शिवलीला त्यांची एकुलती एक. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नांदेडच्या ओंकारशी तिने स्वतःच जमवलं होतं. मुलगा समाजातलाच, नोकरी चांगली, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. फक्त रीतीप्रमाणे मोठ्यांनी घर बघायला जायचं, सुपारी फोडायची आणि तारखेला लागायचं. तिकडे दोन भाऊ एकत्र राहत. ओंकार धाकट्या शंकररावांचा, पण घरातला शब्द थोरल्या नागनाथरावांचा. आणि नागनाथरावांनी आपली लहानपणची बीएमएक्स दिवाणखान्यात मांडून ठेवली आहे, हे शिवलीलाने आधीच सांगून ठेवलं होतं.

नांदेड येईपर्यंत वहिनी गाडीत अप्पांचा पाठ घेत होत्या. "त्यांनी दाखवली तर काय म्हणायचं?"

"सुंदर हाय म्हणायचं."

"आणि मग?"

"पोहे खायाचे."

"बोट कुठे ठेवायचं?"

अप्पांनी मुकाट्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. मागच्या सीटवरून शिवलीलाचे मामा हसले. मीही हसलो.

दिवाणखान्यात शिरताच सायकल दिसली. लालभडक, पुसून चकचकीत केलेली, टीव्हीच्या शेजारी लाकडी पाटावर उभी. अप्पांनी मान वळवून भिंतीवरच्या महात्मा बसवेश्वरांच्या फोटोकडे पाहिलं आणि तिकडेच पाहत राहिले. पोहे आले. मुलाचं, मुलीचं, पावसाचं बोलणं झालं. मग नागनाथराव उठले.

"अप्पा, तुम्ही यातले दर्दी म्हणून ऐकलं. ही माझी. मामानं हैदराबादहून आणलेली, बाहेरदेशची. आजवर एक स्क्रू बदलला न्हाई."

"सुंदर हाय," अप्पा म्हणाले.

"असं लांबून न्हाई. हात लावून बगा की."

वहिनी खोकल्या. अप्पा उठले. मी बघत होतो, त्यांनी खरंच प्रयत्न केला. त्यांनी सीटवरून हात फिरवला, हँडल धरलं, "सुंदर" असं आणखी एकदा म्हणाले. पण बोट सवयीने हँडलच्या नळीखाली गेलं, खालच्या दांड्याच्या सुरुवातीला थांबलं आणि तिथेच पुढेमागे होऊ लागलं. मग ते वाकले. चिमट्याच्या टोकाशी नखाने जरासं खरवडलं.

"कशीय?" नागनाथराव म्हणाले.

अप्पांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी लाचारी कधी पाहिली नव्हती.

"फ्रेम अस्सल हाय. लई मोलाची. पण चिमटा हिचा न्हाई. हिथं दांड्याला फुगवटा हाय, बोटाला लागतोय. तोंडावर आपटलीय ही. चिमटा मागनं बसवला, आन् वरून रंग मारला."

"शक्यच न्हाई," नागनाथराव म्हणाले. "माझ्याशिवाय हिला हात लावायची कुणाची हिंमत न्हवती."

तेवढ्यात शंकररावांच्या हातातली बशी वाजली. नोकरीतून निवृत्तीला आलेला तो मोठा माणूस, पण चेहरा शाळेत पकडल्या गेलेल्या पोराचा झाला होता. नागनाथरावांनी हळूच तिकडे वळून पाहिलं.

"शंकऱ्या?"

"अण्णा, तू तवा हैदराबादला मामाकडं गेलता..."

"कुठं आपटलीस?"

"गुदामाच्या भिंतीवर. मिस्त्रीनं हुबेहूब करून दिली. तुला कळलंबी न्हाई."

"इतकी वर्सं मी हिला पुसायलोय! आन् तू बाजूला बसून बगायलास!" नागनाथराव उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. शंकरराव दारापाशी उभे राहून "अण्णा, अण्णा" करत राहिले. ताटात सुपारी तशीच होती. आम्ही चपला घालून बाहेर पडलो. कुणी थांबा म्हणालं नाही.

लातूरला घरी शिवलीलाने दार उघडलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आत निघून गेली. काय झालं ते तिला मामांनी सांगितलं.

मग नांदेडचा निरोप येईना. दिवस जाऊ लागले. ओंकारचे फोन येत, पण त्यालाही काही ठाऊक नव्हतं, दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच तो सांगे. वहिनी अप्पांना म्हणाल्या, "जाऊन सांगा, चूक झाली म्हणून. एवढं काय त्यात?" अप्पा म्हणाले, "पण चिमटा तिचा न्हाई गं." शिवलीला काहीच म्हणाली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती ताट वाढायची, भाजी हवी का विचारायची आणि आत जायची. अप्पांनी वरच्या मजल्यावर जाणं सोडलं. ब्लाऊजपीस चिमट्यांवर वाळत राहिले.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "साहेब, गाडी काढा. नांदेडला जायचंय. मी चुकलो म्हणून सांगणार हाय."

"तुम्ही चुकलात?"

"न्हाई."

वाटेत त्यांनी खोटं बोलण्याचा सराव केला. माझ्या आयुष्यात मी इतकी वाईट तालीम ऐकली नाही. आधी म्हणाले, नजर चुकली म्हणावं. मग म्हणाले, पण आपण तर बोटानं बघितलं. मग चष्मा नव्हता म्हणायचं ठरलं, तर त्यांना आठवलं की चष्मा नाकावरच होता. मी म्हटलं, "अप्पा, फक्त 'चिमटा हिचाच आहे' एवढं म्हणा. बाकी मी सांभाळतो." ते पुटपुटत राहिले, "चिमटा हिचाच हाय. चिमटा हिचाच हाय." घाम पुसायला त्यांनी खिशातून काढलेला रुमालही रॉकेलचा वास मारत होता.

नागनाथराव अंगणातच होते. सायकल बाहेर आणून ठेवली होती. अप्पांनी नमस्कार केला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं, "अण्णा, त्या दिशी माझी चूक झाली. चिमटा हिचाच हाय."

नागनाथरावांनी सायकल उलटी केली, अप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट दांड्याखाली टेकवलं.

"मग हे काय हाय?"

अप्पांचं बोट सवयीने तिथेच पुढेमागे होऊ लागलं. मी सांभाळणार होतो, पण मीही वाकून तिकडेच बघू लागलो.

"तुम्ही गेल्यावर मी सवता बगितलं," नागनाथराव म्हणाले. "खरंच फुगवटा हाय. मी शंकऱ्यावर चिडलो होतो अप्पा, तुमच्यावर न्हाई. पोरीची सुपारी समोर ठिऊन जो माणूस खरं बोलतोय, त्येच्या घरची पोरगी मी सोडीन व्हय? डोस्कं थंड व्हस्तोवर अमावस्या आडवी आली म्हणून थांबलो. उद्या निरोप धाडणार होतो."

अमावस्या! लोणच्याच्या फोडी करायलाही कॅलेंडर बघणाऱ्या आमच्या वहिनींच्या ती ध्यानातच आली नव्हती. आमच्यापैकी कुणाच्याच नाही.

"पण आज कामून खोटं बोलायलात?" नागनाथरावांनी विचारलं.

अप्पा म्हणाले, "पोरगी जेवताना बोलंना हो."

नागनाथरावांनी त्यांचं मनगट सोडलं नाही. तसंच धरून त्यांना आत नेलं आणि दारातून ओरडले, "शंकऱ्या, चहा सांग. आन् सुपारी काढ." त्या घरात इतक्या दिवसांनी थोरल्याने धाकट्याला हाक मारली होती, त्यामुळे आतून शंकररावांबरोबर सगळं घरच बाहेर आलं.

लातूरला पोचायच्या आत ओंकारने शिवलीलाला सगळं कळवलं होतं. ती फाटकातच उभी होती. अप्पा गाडीतून उतरले आणि तिच्याकडे न बघता शर्टाची घडी नीट करू लागले.

"अप्पा, तुम्ही खोटं बोललात म्हणे?"

"हाव."

"आणि लगेच सापडलात?"

अप्पांनी मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते.

"पहिल्याच खेपेला कुणाला जमतंय, माय?"