तळ्यातले अकरा चेंडू

आमच्या गोल्फ क्लबच्या ऑफिसात दोन टेबलं होती. एकावर मी, दुसऱ्यावर कार्डताई. त्यांचं काम सांगायला सोपं. मैदानावरून आलेल्या खेळाडूंची स्कोअरकार्डं खिडकीतून घ्यायची, तपासायची आणि त्यांवरून प्रत्येकाचा हॅन्डिकॅप काढायचा. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं, पण स्वतः एकदाही चेंडू मारला नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, "सगळेच जेवायला बसले तर वाढणार कोण?"

हॅन्डिकॅप म्हणजे कच्च्या गड्याला मिळणारी सवलत. आमच्या मैदानाचे अठरा होल पट्टीच्या खेळाडूनं बहात्तर फटक्यांत पुरे करावेत अशी अपेक्षा असते. ज्याला त्याच्या चांगल्या दिवशी एक्याण्णव लागतात, त्याचा हॅन्डिकॅप ढोबळमानानं एकोणीस. स्पर्धेत त्याच्या फटक्यांतून एकोणीस वजा होतात आणि तोही बड्या खेळाडूंच्या पंगतीत ताठ मानेनं बसतो. आकडा काढायचा तर शेवटची वीस कार्डं घ्यायची, मैदान किती अवघड ते प्रत्येक कार्डाच्या हिशेबात धरायचं आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढायची. नवे सभासद हमखास विचारत, "मग उरलेली बारा कुठे गेली?"

"वाईट दिवस कुणाला चुकलेत?" ताई म्हणत. "माणूस त्याच्या बऱ्या दिवसांवरून ओळखावा."

कार्डाचा एक नियम मात्र त्या डोळ्यांत तेल घालून पाळत. खेळाडूचा स्कोअर तो स्वतः लिहीत नाही, बरोबरचा जोडीदार लिहितो. शेवटी दोघांच्या सह्या. दोघंही खिडकीशी हजर असल्याशिवाय ताई कार्डाला हात लावत नसत. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सकाळी ताईंना स्कूटरवरून फाटकाशी सोडताना एकदा मला म्हणाले, "आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं म्हणायचं, तरी साक्षीदाराची सही लागते हो."

लबाडी त्यांना बरोबर कळे. हॅन्डिकॅप फुगवून बक्षीस मारायचं म्हणून काही जण मुद्दाम वाईटच कार्डं आणून देत. तशा एका बिल्डरना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "साहेब, बारमध्ये तुमचा चेंडू ढगाला लागतो. माझ्या खिडकीशी येईपर्यंत त्याला काय होतं?"

डॉक्टरांची गोष्ट उलटी होती. त्यांचा हॅन्डिकॅप उतरत चालला होता.

डॉक्टर लहान मुलांचे. वय शहात्तर, दवाखाना बंद करून सहा वर्षं झालेली. ताईंची मुलगी तीन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा हा माणूस दोन दिवस तिच्या खाटेजवळून हलला नव्हता. मुलगी आता स्वतः आई झाली होती, पण डॉक्टर खिडकीशी आले की ताई अजून उभ्या राहत. डॉक्टर दर शनिवारी आपल्या दोस्ताबरोबर खेळत. दोस्त म्हणजे वकीलसाहेब. शाळेपासूनची जोडी. डॉक्टरांचं कार्ड वकील लिहीत, वकिलांचं डॉक्टर.

पाच महिन्यांत डॉक्टरांचा एकोणीसचा हॅन्डिकॅप चौदावर आला. त्या वयात हे नवलच. पण महिन्याच्या स्पर्धेत जोड्या चिठ्ठ्या टाकून लावतात, तिथे कार्ड तिसराच कुणी लिही, आणि तिथे डॉक्टरांचे फटके शंभराच्या वर जात. चौदा वजा करूनही ते फलकावर शेवटचे. चार महिने सलग शेवटचे. फलकापाशी कुणीतरी "शनिवारचा वाघ" असं पुटपुटलं, ते त्यांच्या कानावर गेलं असावं.

एका सोमवारी सकाळी वकील एकटेच खिडकीशी आले.

"ताई, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. आमच्या डॉक्टरचा हॅन्डिकॅप वाढवा."

"माझ्या मनावर का असतं ते? कार्डं चांगली येतात, आकडा उतरतो."

"अहो, तो खेळ सोडायचं म्हणतोय! म्हणतो, शनिवारी बरा खेळतो, चारचौघांत हात कापतात. आता माझ्यात राम नाही. सेट विकायला काढलाय त्यानं. बायको गेल्यापासून त्याला दुसरं आहे काय? शनिवार गेला तर माणूस भिंतीकडे बघत बसेल."

"बघते," ताई म्हणाल्या.

त्यांनी डॉक्टरांची वीस कार्डं काढून टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. चार स्पर्धेची, सोळा शनिवारची. हिशेबात धरलेली आठही शनिवारची होती. स्पर्धेची चारही वाईट, म्हणून आपोआप बाहेर पडलेली. मग त्या एकेक होल बोट ठेवून वाचत गेल्या आणि सातव्यावर थांबल्या. सातव्या होलला, पहिला फटका मारायची जागा आणि खळगा यांच्या मधे, तळं आहे. सोळा शनिवारांपैकी चौदा शनिवारी डॉक्टरांच्या नावापुढे तिथे पाच लिहिलेले होते.

"चेंडू पाण्यात पडला की एक फटका दंड," त्या मला म्हणाल्या. "एकदा बुडाला की पाचात भागत नाही हो. निदान यांचं तरी नाही."

"नसेल बुडत."

त्यांनी माळ्याला बोलावलं. महिनाअखेरीला तळ्यातले चेंडू जाळीनं काढायचं काम त्याचं. खेळाडू आपापल्या चेंडूवर ओळखीची खूण करतात. डॉक्टरांची खूण हिरव्या शाईचे तीन ठिपके.

"डॉक्टरांचे किती निघाले या खेपेला?"

माळ्यानं बादली जमिनीवर ठेवली. "अकरा. मागच्या महिन्यात नऊ. ताई, त्यांना सांगू नका हं. मी धुऊन-पुसून त्यांच्या पिशवीत परत टाकतो. त्यांना वाटतं, चेंडू संपतच नाहीत."

ताईंना हसू आलं, आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

वकिलांना त्यांनी दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा. मला एकटीला हे बोलायचा धीर नाही." अकरा चेंडू त्यांनी एका फायलीच्या खोक्यात ठेवले होते. वकिलांनी आत पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"तो विसरतो, ताई," ते म्हणाले. "होल संपला की म्हणतो, पाच झाले ना? झालेले असतात आठ. पहिल्यांदा मी आठ म्हणालो. तर तो तिथेच उभा राहिला आणि बोटं मोजायला लागला. तीनपर्यंत जाई आणि परत पहिल्यापासून. त्यानंतर माझी जीभ उचलली नाही. तो म्हणेल ते लिहितो. माझं काय जातंय? चार फटके कमी लिहिले तर कुणाचं काय बुडतंय?"

"त्यांचं बुडतंय."

"म्हणजे?"

"वकीलसाहेब, शनिवारी तुम्ही चार फटके माफ केले की कार्ड चांगलं होतं. कार्ड चांगलं झालं की हॅन्डिकॅप उतरतो. हॅन्डिकॅप उतरला की स्पर्धेत सवलत कमी. तुम्ही दिलेलं सगळं माझा कॉम्प्युटर त्यांच्याकडून परत काढून घेतोय. लोकांसमोर."

वकिलांनी जन्मभर भल्याभल्यांची उलटतपासणी घेतली होती. पण गणिताशी त्यांचं शाळेतच वाकडं होतं. त्यांना हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"म्हणजे त्याला शेवटच्या नंबरावर मी नेलं?"

ताईंनी चेंडूंच्या खोक्याचं झाकण लावलं.

नियम मला तोंडपाठ होता. जोडीदारानं जाणूनबुजून खोटं कार्ड लिहिलं तर कमिटीकडे तक्रार करायची. मग दोघांनाही बोलावणं, चौकशी, सात माणसांसमोर प्रश्न. डॉक्टर त्या खोलीत बसून बोटं मोजत आहेत, हे चित्र माझ्याही डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "ताई, या वेळी डोळेझाक करा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या. "खोटं कार्ड ठेवणार नाही. पण त्यांना चारचौघांत विचारूही देणार नाही. आधी मी विचारते."

गुरुवारी डॉक्टर आले. ताईंनी खिडकीचं दार लावलं, त्यांना चहा दिला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चेंडू दाखवले. वकील कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते.

डॉक्टरांनी एक चेंडू उचलून ठिपके पाहिले. रागावले नाहीत. ते वकिलांकडे वळले.

"अरे, मी पाच म्हणतो ते तुला विचारतो रे. मला आठवत नाही म्हणून विचारतो. तू मुकाट्यानं लिहायचास. मला वाटायचं, हा लिहितोय म्हणजे बरोबरच असणार. चुकत असतो तर यानं माझी खोड मोडली असती, शाळेपासून मोडतोय."

"तुझा चेहरा बघवत नव्हता मला," वकील म्हणाले.

"म्हणून पाच महिने मला बावळट ठेवलंस? मी डॉक्टर आहे, गाढवा. मला काय होतंय ते तुझ्या आधी मला कळलंय. गोळ्या चालू आहेत. मला फक्त वाटत होतं की निदान खेळ तरी शाबूत आहे. आणि वाटायचं, स्पर्धेत मी भितो म्हणून हरतो. भित्रा ठरलो होतो मी माझ्याच नजरेत. त्यापेक्षा म्हातारा ठरलेलं बरं."

त्यांनी हातातला चेंडू खोक्यात परत ठेवला. मग त्यांनी ताईंकडे कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: माझ्या मोजण्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही. माझी शनिवारची सोळा कार्डं रद्द करून माझा हॅन्डिकॅप नव्यानं ठरवावा. अक्षर थोडं हललं होतं, सही मात्र औषधाच्या चिठ्ठीवरच्यासारखी झोकदार. कमिटीपुढे ताईंनी हा अर्ज आणि त्याबरोबर स्वतः पाहिलेलं सगळं ठेवलं. वकिलांना लेखी समज मिळाली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली, म्हणाले, "शाळेनंतर पहिल्यांदाच." डॉक्टरांना कुणी बोलावलं नाही. हॅन्डिकॅप आला पंचवीस.

"आता मोजायचं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "झालेले फटके जोडीदारानं सांगायला नियमाची आडकाठी नाही. मोठ्यानं सांगितले तरी."

पुढच्या शनिवारी मी काही निमित्त काढून सातव्या होलपर्यंत चालत गेलो. ताईही आल्या, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. लांबूनच आवाज येत होता. डॉक्टरांनी फटका मारला की वकील कोर्टात पुकारा करावा तसे ओरडत, "एक!" चेंडू तळ्यात. "दंडाचा धरून दोन!" पुन्हा फटका, पुन्हा पाणी. "तीन! दंडाचा धरून चार!" पलीकडच्या होलवरचे लोक थांबून बघू लागले.

"हळू ओरड की! तुझं काय लिलावाचं दुकान आहे?" डॉक्टर म्हणाले.

"गप खेळ. पाचवा येतोय."

पाचवा पाण्यापलीकडे गेला. आठव्याला चेंडू होलमध्ये पडला. "आठ!" वकिलांचा आवाज बसला होता. डॉक्टर चेंडू उचलायला वाकले, कंबर धरून सरळ झाले आणि ताईंना पाहून हसले.

"आठ झाले, ताई. पक्के आठ."

"छान," ताई म्हणाल्या.

"वाईट आहेत हो."

"वाईटच आहेत. पण तुमचे आहेत."

डॉक्टरांनी कार्डावर वकिलांनी लिहिलेला आठचा आकडा नीट पाहून घेतला. मग वकिलांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चल, आठवा होल कुठल्या बाजूला?" वकिलांनी बोट दाखवलं, आणि दोघं उतारावरून त्या दिशेनं चालू लागले.