मनोहरकाकांचं फ्रेंच

लाखनीत फ्रेंच येणारी दोन माणसं होती. त्यातलं एक गेलं.

उरलेला मी.

आज मनोहरकाकांची तेरवी झाली. घरी येऊन कपडे न बदलता लिहितो आहे. रडू आलेलं नाही. ते गेले त्या दिवशीही नाही, आजही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हायवेवर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. रिवाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, फ्रेंचही नाही. दोन्ही पुस्तक उघडून, चुकत, स्वतः शिकलो. लोक विचारतात, कोणत्या क्लासला होते? कोणत्याही नाही.

काका धानाचे शेतकरी. त्यांची पाण्याची मोटर जळली म्हणून दुकानात आले. मी कॉइल भरता भरता क्रियापदं पुटपुटत होतो.

"हे कोणते मंत्र होय गा?"

"फ्रेंच आहे, काका."

"मंग मले एक वाक्य पाह्यजे."

त्यांची मुलगी फ्रान्समध्ये, ल्योंला. जावई तिथलाच. नातू नोए. त्याला मराठी येत नाही, आणि काकांनी त्याला फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत तो पहिल्यांदा घरी येणार होता.

मी म्हटलं, "बोंझूर शिका. पुरे आहे."

"बोंझूर तं कोनीबी म्हन्ते. पोरगं दारात आलं का आपुन काय म्हन्तो? बरं झालं आला तू. तेच पाह्यजे."

आता हे साधं वाक्य नाही. फ्रेंच माणूस आधी मनातला आनंद सांगतो आणि मग येणं सांगतो, तेव्हा येण्याचं क्रियापद वेगळं चालतं. त्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. आणि येणं घडून गेलेलं असलं, तर त्याचाही भूतकाळ. मी सगळं समजावलं.

"पोरगा अजून विमानात नाही बसला, आन तू भूतकाळ शिकवून राहिला?"

"काका, तुम्ही म्हणाल तेव्हा तो आलेला असेल."

"हो. असन."

'झ स्वी कोंताँ', म्हणजे मला आनंद झाला, ही सुरुवात; पुढची 'मी आलो, तू आलास' अशी सगळीच रूपं मी पाठ करायला लावली. एकच रूप येणं म्हणजे येणं नाही. कॉइलचा एक फेरा चुकला तरी मोटर जळते.

क झ स्वा व्हनू.
क त्यू स्वा व्हनू.
किल स्वा व्हनू.
क नू स्वायों व्हनू.

देवनागरीत हे उच्चार पुरते बसत नाहीत. जाणकारांनी समजून घ्यावं.

"जावायाले कोनतं लावू?"

"जावयाला 'वू'. आदरार्थी. क वू स्वाये व्हनू."

"म्हंजे फ्रान्समधी बी जावई जावईच हाये!"

त्या दिवशी ते इतके हसले की शेजारचा चहावाला बघायला आला.

घरीही तेच चालू होतं. म्हशीचं दूध काढताना रूपं म्हणायचे. काकू ओरडायच्या, "तिले काहून फ्रेंच शिकवून राहिले? दूध द्याचं बंद करन ते!"

मग रोवणी सुरू झाली. तिकिटं पुढच्या आठवड्याची होती.

काका धानाच्या बांधीत, चिखलात उभे राहून रोवणाऱ्या बायांशी बोलत होते. मग शेताच्या कडेला, धुऱ्यावर येऊन बसले. बसलेलेच राहिले.

मुलगी फोनवर म्हणाली, थांबू नका.

थांबलो नाही.

ते तिघं पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

गाडीतून पोरगा उतरला. निळी टोपी. अंगणात बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुधाकर, तुलेच येते. बोल नं."

मी उभा राहिलो. वाक्य तोंडात तयार होतं. पण मयताच्या घरी आपण कोणाला 'या' म्हणत नाही. नुसती मान हलवतो. जाणाराही 'येतो' म्हणत नाही, उठतो आणि जातो. आणि माझ्याजवळच्या वाक्याची सुरुवातच 'मला आनंद झाला' अशी.

दुसरं जुळवायला लागलो. जुळलं नाही. एवढी वर्षं ही भाषा घोकली, तरी नाही.

तेवढ्यात काकू आतून उंबऱ्यापर्यंत आल्या. पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"झ स्वी कोंताँ क त्यू स्वा व्हनू."

एका दमात. काकांच्याच चालीत. शेवटच्या शब्दावर त्यांचाच हेल.

मागून एक म्हातारी कुजबुजली, "सुतकात काय बोलून राहिली हे?"

कोणाला कळलंच नव्हतं. त्यामुळे कोणाला अडवताही आलं नाही.

पोरगा आईकडे वळून म्हणाला, आजीला आपली भाषा येते. मी काकूंना मराठीत सांगितलं.

"नाही येत मले. हे त्याच्या आज्याचं हाये. त्याच्यासाठीच ठेवलं होतं त्याइनं. सांग त्याले, सुधाकर."

मी फ्रेंचमध्ये सांगितलं.

व्याकरण बरोबर होतं. माझा आवाजही बरोबर निघाला. पोरगा रडला. मुलगी रडली. जावई खाली बघत उभा होता. मी नळावर जाऊन हात धुतले. का धुतले, माहीत नाही.

आज जेवणं आटोपली आणि त्या तिघांना नागपूरला नेणारी गाडी दारात लागली. काकू माझ्याजवळ आल्या.

"पुन्हा ये, हे कसं म्हन्तेत?"

"रव्हियँ."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मंग त्याइले काहून एवढं मोठं शिकवलं?"

"त्यांनीच मागितलं होतं, काकू."

काकू गाडीच्या काचेशी गेल्या. म्हणाल्या. पोराने हात बाहेर काढून त्यांची बोटं धरली. गाडी हलेपर्यंत सोडली नाहीत.

याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मनोहरकाका, भावपूर्ण म्हणावं तर भाव अजून आलेला नाही.
नुसतीच श्रद्धांजली घ्या.