डावीकडून आलेल्या बाई

नहूम बारझानी जन्मला तेव्हा त्याने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची शेजारीण भांडायला वर आली, असं त्याची आईच सांगायची. पुढे त्याच आवाजावर त्याने संसार केला. जेरुसलेमच्या जुन्या मंदिराच्या दक्षिणेला ज्या रुंद दगडी पायऱ्या आहेत, तिथे तो गाईड होता. शाळांच्या सहली, परदेशी पाहुणे, तेराव्या वर्षीच्या बार मिट्झवा विधीसाठी मुलाला घेऊन आलेली घरं, सगळे त्याच्या वाट्याला यायचे. पोट सुटलेलं, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात छोटा लाऊडस्पीकर. खरं तर त्याला लाऊडस्पीकरची काहीच गरज नव्हती.

या पायऱ्यांवरून दोन गोष्टी शिकायच्या, असं तो सगळ्यांना सांगायचा. पहिली साधी. "बघा, एक पायरी रुंद, एक अरुंद. का? धावत चढता येऊ नये म्हणून! देवाकडे जाताना काय घाई आहे तुला, बस चुकतेय?" पोरं हसायची.

दुसरी गोष्ट सांगताना मात्र तो आवाज खाली आणायचा. वर भिंतीत दगडांनी चिणून टाकलेली दोन दारं दाखवायचा. मंदिर उभं होतं तेव्हा लोक उजव्या दाराने शिरायचे आणि आत वळसा घालून डाव्या दाराने बाहेर पडायचे. उलटं चालायचे ते फक्त दोघं. एक, ज्याच्या घरी माणूस गेलंय तो. दुसरा, ज्याला गावाने वाळीत टाकलंय तो. उलटं चालणारा सगळ्यांच्या समोरच यायचा, आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाने त्याला थांबवून विचारायचं, तुला काय झालं? पहिला सांगायचा, घरी मृत्यू झालाय. मग देवाचं नाव न घेता म्हणायचं, या घरात राहणारा तुझं सांत्वन करो. दुसरा सांगायचा, मला वाळीत टाकलंय. मग म्हणायचं, या घरात राहणारा गावाच्या मनात तुला पुन्हा जवळ घ्यायचं घालो.

हे नुसतं सांगून भागायचं नाही. नहूम त्याचा खेळ करायचा. सगळा वर्ग उजवीकडून ओळीने चालवायचा आणि एका पोराला डावीकडून सोडायचा. ओळीतल्या प्रत्येकाने त्याला विचारायचं, "तुला काय झालं?" पोर काहीतरी बनवून सांगायचं. माझा कुत्रा पळाला, माझी सायकल चोरली, आजीने माझा मोबाईल काढून घेतला. मग सगळी एका सुरात ओरडायची, "या घरात राहणारा तुझं सांत्वन करो!" शाळाशाळांमध्ये हा खेळ माहीत झाला होता.

त्या शाळांपैकी एकीच्या बाई जॅकलीन वाक्नीन. दरवर्षी सहावीचा वर्ग घेऊन यायच्या. सोबत त्यांचा नवरा शिमोन असायचा. सहलीबरोबर औषधाची पिशवी घेऊन एक माणूस लागतोच, ते काम त्याचं. नारिंगी पिशवी खांद्याला, हातात पाण्याचा कॅन. नहूम त्याला म्हणायचा, "शिमोन, सरकारने तुला डॉक्टर केलं नाही हे देशाचं नशीब." शिमोन म्हणायचा, "तू बोलत राहा, मी कापूस आणलाय. सगळ्यांच्या कानांना पुरेल." दोघांचं मैत्र एवढंच, वर्षातून एकदाचं. पण शाळेचं पत्र आलं की नहूमला पहिल्यांदा तोच आठवायचा.

योम किपूर या प्रायश्चित्ताच्या उपासाआधी येणाऱ्या एलूल महिन्यातल्या एका तापलेल्या सकाळी परदेशी पाहुण्यांचा एक मोठा गट आला होता. पैसेवाली, दानधर्म करणारी माणसं. खालच्या फाटकाशी दुसरा गट ताटकळत होता आणि ऑफिसातून फोनवर फोन येत होते. नहूम धावतपळत उरकत होता. त्याने पाहुण्यांची ओळ लावली, डावीकडून चालायला एका लाजऱ्या दाढीवाल्याला उभं केलं, आणि एवढ्यात डावीकडूनच एक बाई ओळीच्या समोर येऊ लागल्या. मोठी टोपी, काळा चष्मा, हळू चाल. पाहुण्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. दाढीवाला गोंधळून बाजूला झाला. खेळ विस्कटला.

नहूमने लाऊडस्पीकर तोंडाशी धरला. "अहो बाई! वाहतूक एकाच बाजूने! नवरा हरवलाय का? शोधायला उलट्या वाटेने निघालात? जाऊ द्या, सुटला असेल बिचारा!"

पाहुणे खळखळून हसले. त्याच्या विनोदांना असंच हसू मिळायचं, त्याने ते सवयीने पदरात घेतलं. बाई थांबल्या. चष्म्याखालचा चेहरा पांढराफटक पडला. त्या वळल्या. पायऱ्यांच्या कडेकडेने, एक रुंद, एक अरुंद, अशा उतरून निघून गेल्या.

दुपारी फाटकावरच्या वादिमने त्याला हाक मारली. हा वादिम रशियातून आलेला, मोजकं बोलणारा पहारेकरी. "त्या वाक्नीनबाई भेटल्या का तुला?"

"आज? नाही. वर्ग आणला होता?"

"एकट्याच आल्या होत्या. मला विचारलं, नहूम आहे का आज? म्हटलं, आहे, वर जा. त्यांचा नवरा गेला ना महिन्यापूर्वी. हार्ट. म्हणाल्या, नहूम म्हणतो तसं एकदा डावीकडून चालून बघते."

नहूमच्या हातातली पाण्याची बाटली हातातच राहिली. आपल्याला जमिनीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते त्याने आजवर नुसतं म्हटलेलं होतं. त्या क्षणी त्याला खरंच वाटलं की पायाखालची एखादी पायरी सरकावी आणि आपण आत जावं. ज्या बाईंनी त्याचं बोलणं खरं मानलं, त्याच बाईंचं त्याने भर लोकांत, लाऊडस्पीकरवर, त्यांच्या मेलेल्या नवऱ्यावरून हसं केलं होतं. भर लोकांत कुणाचा चेहरा पांढरा करणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हेही तो पाहुण्यांना सांगायचा. टाळ्या घ्यायचा त्याच्यावर.

शुक्रवारी दुपारी बायकोने, तिक्वाने, कुब्ब्याचं, खिमा भरलेल्या गोळ्यांचं, आंबट सार पुढ्यात ठेवलं. त्याने चमचा फिरवत ठेवला. तिने विचारलं, त्याने सांगितलं. तिक्वाने त्याच्यापुढचा वाडगा उचलून ओट्यावर ठेवला. तीस वर्षांच्या संसारात हे फारसं घडलेलं नव्हतं.

"तुझ्या जिभेला हाड नाही हे मी लग्नाच्या दिवशीच ओळखलं होतं," ती म्हणाली. "जा. माफी माग. योम किपूर तोंडावर आलाय. देवाचं तू देवाशी बघ, पण बाईंचं बाईंनाच माफ करावं लागेल."

"जातो."

तो गेला. किर्यात योवेल वस्तीतल्या बाईंच्या इमारतीचा जिना चढला, दारावरची दोघांची नावं वाचली. शिमोन आणि जॅकलीन. आतून नळाचा आवाज येत होता. घंटीकडे गेलेलं बोट त्याने मागे घेतलं आणि उतरला. घरी येऊन म्हणाला, "कुणी नव्हतं घरात."

तिक्वाने त्याच्याकडे बघितलं. "खोटं? आणि तेही या दिवसांत? शाबास."

योम किपूरला सिनेगॉगमधल्या प्रार्थनेत जिभेने केलेल्या पापांचा उल्लेख आला तेव्हा त्याने छातीवर मूठ आपटली ती एवढ्या जोरात की शेजारचा म्हातारा म्हणाला, "हळू रे, तुटशील." उपास सुटला. मनावरचं मात्र काही सुटलं नाही. पायऱ्यांवर तो आता फक्त पहिली गोष्ट सांगायचा. दुसऱ्या गोष्टीकडे वळला की तोंडाला कुलूप लागायचं.

सुकोतचा सण उलटल्यावर शाळेचं पत्र आलं. वाक्नीनबाईंचा वर्ग. नहूमने ऑफिसात आजारी असल्याचं कळवायचं ठरवलं, फोन हातात घेतला, आणि परत खिशात टाकला. एवढाही भित्रा नाही मी, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो तेवढाच भित्रा होता, हे त्याला ठाऊक होतं.

वर्ग आला. बाई मागे होत्या, बारीक झालेल्या. नारिंगी पिशवी त्यांनी स्वतःच्याच खांद्याला लावली होती. त्यांनी नहूमकडे पाहिलं आणि मान हलवली, जशी पोस्टमनला हलवतात. एक शेंबडं पोर ओरडलं, "खेळ! खेळ कधी? मी डावीकडून जाणार! माझा पोपट मेलाय!"

"आज नाही," नहूम म्हणाला. लाऊडस्पीकर गळ्यातून काढून त्याने पोराच्या हातात दिला. "आज मी जातो डावीकडून."

पोरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ओळ लागली. पहिल्या मुलीने ओठ दाबत विचारलं, "तुला काय झालं?"

"मला वाळीत टाकलंय."

"कुणी?"

"मीच. एका बाईंच्या घरी माणूस गेलं होतं. मी भर लोकांत त्यांना हसलो."

हसू विरलं. मुलीने कपाळाला आठी घातली. "मग माफी मागितलीस?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"आणि त्यांनी काय करायचं तोवर?" असं म्हणून ती पुढे गेली. ठरलेलं वाक्य म्हणायचं ती विसरली, का मुद्दाम म्हणाली नाही, कोण जाणे.

अशी आणखी काही पोरं गेली. मग समोर बाई आल्या. थांबल्या. काही विचारलं नाही. नहूमने पाठ केलेली माफी जिभेवर आणली, आणि ती तिथेच अडकली. मी असा, मी तसा, मला किती लाज वाटली! एवढे दिवस घोकलेल्या त्या माफीत सगळा नहूमच होता. बाई त्यात कुठे नव्हत्याच. त्यांना जे हवं होतं ते त्याने अजूनही केलेलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, त्याचा तो प्रसिद्ध आवाज कुठेतरी खोल गेला होता, "तुम्हाला काय झालं?"

बाईंनी पिशवीचा पट्टा नीट केला. "शिमोन गेला," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा केला त्याने. दोन कप भरले. माझा कप मला आणून दिला आणि त्याच्या कपाकडे वळला तो पडलाच." थोडं थांबून म्हणाल्या, "तो चहा मी अजून कुणाला सांगितला नव्हता."

नहूमला पुढचं वाक्य म्हणायचं होतं. हजारदा म्हटलेलं. पण ओठ हलेनात. तेवढ्यात मागून पोपटवाल्या पोराने लाऊडस्पीकरवर सुरुवात केली, आणि सगळा वर्ग, वरचे, खालचे, एका सुरात ओरडला, "या घरात राहणारा तुमचं सांत्वन करो!"

बाईंनी डोळे मिटले, उघडले.

"हे त्या दिवशी विचारायचं होतंस, नहूम."

"हो, बाई."

तो वळून त्यांच्याबरोबर ओळीच्या दिशेने चालू लागणार, तोच त्यांनी हाताने अडवलं.

"तिकडे," त्या म्हणाल्या. "उलटाच चाल. मागची पोरं अजून तुला विचारायची आहेत."

नहूम मान खाली घालून पुढे निघाला. पुढचं पोर त्याच्यासमोर येऊन थांबलं.

"तुला काय झालं?"