सुभेदारांचा नेम आणि आडवी गोळी

"सायब, त्यो चुकत न्हाई! आख्ख्या तालुक्याला ठावं हाय. त्यानं मलाच मारायला गोळी घातली!"

आप्पा ठाण्यात शिरायच्या आधी त्यांचा आवाज आत आला. समोरच्या चिंचेवरचे कावळे जे उठले ते थेट सांगलीच्या घाटावर जाऊन बसले असावेत. दंडाला पट्टी, सदऱ्यावर रक्त आणि पाठीमागं अर्धा गाव. नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो. हे मात्र विसरायचं ठरवूनही जमत नाही, कारण दरोडेखोरांनीसुद्धा माझं एवढं डोकं उठवलं नव्हतं.

खबर पोलीस पाटलांनी फोनवर आधीच दिली होती. गाव कडेगाव तालुक्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. गोळी झाडणारे गृहस्थ निवृत्त सुभेदार, पलटणीत नेमबाजीची बक्षिसं घेतलेले. आप्पा त्यांचे भावकीतले. शेताला शेत लागून, आणि बांधावरून बोलणं बंद. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून सुभेदारांकडे रायफलचा परवाना होता, डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी होती. दिवस उगवताना त्यांनी उसाच्या कडेला एक गोळी झाडली. ती बांधापलीकडच्या, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं पत्र्याचं दार फोडून, आत मोटार चालू करणाऱ्या आप्पांचा दंड फाडून गेली. वीतभर इकडं लागली असती तर आप्पा ओरडायला आलेच नसते.

सुभेदारांना ताब्यात घेतलं. खुर्ची दिली तर बसेनात, सावधानमध्येच उभे. मी सरळ विचारलं, "गोळी कशावर मारली?"

"डुकरावर."

"मग नेम चुकला म्हणायचा."

"माजा नेम चुकत न्हाई."

"म्हणजे आप्पांवर मारली?"

"आप्पावर मारली आस्ती तर आप्पा हितं वरडाय आला आस्ता व्हय?"

आता यावर काय लिहून घ्यायचं? चुकला म्हणावं तर नुसता निष्काळजीपणा. नाही म्हणावं तर खुनाचा प्रयत्न, पेन्शनीच्या वयात कळंब्याचा तुरुंग. मी हे त्यांना मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, फौजी इंग्रजीतही सांगून पाहिलं. भिंतीला सांगितलं असतं तर एखादी वीट तरी हलली असती.

डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं गजाबाहेरून विनवलं, "आवं, म्हना की चुकलं म्हनून. काय जातंय तुमचं?"

"तू भाकरी ठिव आन् घरला जा," सुभेदार म्हणाले.

मग सुभेदारांना वाचवायला गाव आलं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून. सरपंच पुढं होऊन म्हणाले, "लिवून घ्या सायब. सुभेदार उडत्या घारीचा डोळा फोडत्यात, तेबी डावा का उजवा इचारून."

"अहो, ही साक्ष त्यांच्या बाजूनं आहे की विरोधात?"

"बाजूनंच की!"

"सरपंच, माणूस कधीच चुकत नाही असं लिहून दिलंत, तर त्यानं आप्पांना मुद्दाम मारलं हे सिद्ध होतं. फासाचा दोर तुम्हीच वळताय."

सरपंचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "ते खरं. पर खोटं कसं लिवून द्यायचं?"

असे ओळीनं सगळे साक्षीदार. जो येईल तो सुभेदारांचा एकेक पराक्रम सांगून त्यांना तुरुंगाच्या दाराशी आणखी पाऊलभर ढकलून जाई. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की या गावाला शत्रूची गरज नाही.

वैतागून दुसऱ्या दिवशी स्वतः जागेवर गेलो. पत्र्याच्या दारासमोर उकिडवा बसलो आणि बघतच राहिलो. भोक गोल नव्हतं. लांबट होतं, खारकेच्या बीसारखं. पंचनाम्यात मात्र 'गोल छिद्र'. हवालदारांना विचारलं तर म्हणाले, "गोळीचं भोक गोलच असतंय की सायब. दर वेळी तसंच लिवतो." मी विहिरीकडं बघून पाणी प्यायलो.

गोळी नाक पुढं करून आली तर भोक गोल पडतं. ही आडवी होऊन आली होती. दार उतरवलं, रायफल आणि उरलेली काडतुसं सील केली आणि सगळं पुण्याच्या प्रयोगशाळेत धाडलं.

तिथल्या तज्ज्ञांनी गोळ्या झाडून पाहिल्या आणि मला समजेल असं सांगितलं. रायफलच्या नळीत आतून आटे असतात. त्यातून जाताना गोळी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून सरळ जाते. भोवरा जितका लांबुडका, तितका जोराचा पीळ लागतो. या नळीत बारा इंचांत एक वेढा. पंचावन्न ग्रेन वजनाच्या हलक्या गोळीला तो पुरतो. सुभेदारांनी भरलेली गोळी पंचाहत्तर ग्रेनची, जड आणि लांब. तिला साधारण आठ इंचांत एक वेढा हवा. पीळ कमी पडला की ती हवेतच कोलांट्या खाते आणि वाटेल तिकडं जाते. हलक्या गोळीनं प्रयोगशाळेतल्या निशाणाच्या कागदावर भोकं गोल पडली, नेमक्या जागी. जड गोळीनं कागद उंदरानं कुरतडल्यासारखा झाला.

अहवाल घेऊन सुभेदारांपुढं बसलो. "गोळ्या कधी बदलल्या?"

ते पहिल्यांदा खुर्चीत बसले. "हलक्या गोळीनं डुक्कर जखमी हून पळायचं. म्हनलं जड घ्यावी, जागंवर बसंल. दुकानदार म्हनला बसत्यात ह्या. नळीत बसल्याबी." त्यांनी अहवाल माझ्याकडं परत सरकवला. "पलटणीत गोळी सरकार द्यायचं. आपुन कवा बगितलं न्हाई कंची का. वीतभर इकडं आली आस्ती तर आप्पाची बायकू..." त्यांनी हात पुढं करून पेन मागितलं. "लिवा सायब. माजी गोळी चुकली. सई करतो."

खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं, निष्काळजीपणाचं राहिलं. रायफल जमा झाली. मी मात्र एक गोष्ट कायमची मनाशी धरली. माणूस हट्टानं खरं बोलतो, तेव्हा त्याला उलटसुलट विचारून उपयोग नसतो. तो सोडून जे काही जागेवर आहे, त्याला विचारावं. आणि भित्र्याकडून कबुली घेणं सोपं, नावाजलेल्या माणसाकडून महाकठीण. शिक्षा त्याला सोसते, चूक सोसत नाही.

आप्पांना बोलावून सगळं समजावलं. जड गोळी, कमी पीळ, कोलांट्या. शेवटी म्हटलं, "आप्पा, त्यांनी तुमच्यावर नेम धरलाच नव्हता. सुभेदार चुकले."

आप्पांनी दंडावरची पट्टी नीट केली, दाराबाहेर कुणी आहे का पाहिलं आणि म्हणाले,

"भायेरच्या गावात सांगू नगा."